व्हॅलेंटाईन गिफ्ट सुचत नाहीये? शॉपिंग ॲप बंद करा, चॅट उघडा

फेब्रुवारीचा दुसरा आठवडा लागला की फोनवर नोटिफिकेशनचा पाऊस सुरू होतो. 'तिच्यासाठी खास', 'फक्त आज', 'शेवटचे काही तास'. २०२६ मध्ये १४ फेब्रुवारी शनिवारी आलाय, म्हणजे सोमवार ९ ते शुक्रवार १३ हे पाचही दिवस ऑफिस, कॉलेज, सबमिशन नाहीतर शिफ्टमध्ये जाणार. मग रात्री साडेअकराला अंथरुणावर पडून स्क्रोलिंग चालू. दोनशे वस्तू बघून होतात, एकही पटत नाही आणि शेवटी तोच बदाम छापलेला मग कार्टमध्ये जातो.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. वेळ कमी असेल तेव्हा आम्ही आधी एकच प्रश्न विचारतो: या कामाला लागणारी माहिती नेमकी कुठे आहे? वस्तू घरपोच आणायला शॉपिंग ॲप उत्तम आहे. पण 'काय द्यावं' हे ठरवायला लागणारी माहिती त्याच्याकडे नसतेच. ती असते तुमच्या जुन्या चॅटमध्ये, फोटोंमध्ये आणि थोडीफार डोक्यात. ती कशी काढायची, तिचं गिफ्ट कसं करायचं आणि हे सगळं रोज वीसेक मिनिटांत कसं बसवायचं, ते या लेखात बघू.

ॲपला तुमचा पार्टनर माहीतच नसतो

शॉपिंग साइटवर 'हे घेणाऱ्यांनी तेही घेतलं' अशी पट्टी दिसते ना? त्यामागच्या पद्धतीला कोलॅबोरेटिव्ह फिल्टरिंग म्हणतात. ॲमेझॉनचे इंजिनिअर ग्रेग लिंडेन, ब्रेंट स्मिथ आणि जेरेमी यॉर्क यांनी २००३ मध्ये एका लेखात त्यांची पद्धत समजावून सांगितली होती. कल्पना सोपी आहे. कुठल्या दोन वस्तू एकाच ग्राहकाच्या खरेदीत वारंवार सोबत येतात, हे आधीच मोजून ठेवायचं. तुम्ही त्यातली एक बघितली की दुसरी समोर आणायची. आजच्या यंत्रणा याहून पुष्कळ गुंतागुंतीच्या आहेत, पण पाया तोच: लोकांच्या आधीच्या वागण्यावरून तुमचा अंदाज बांधणं.

आता गिफ्टच्या बाबतीत काय होतं बघा. अकाउंट तुमचं, हिस्टरी तुमची. त्यात चार्जर, प्रोटीन पावडर, मागच्या पावसाळ्यात घेतलेला रेनकोट. तुमची बायको, मैत्रीण किंवा नवरा या हिशेबात कुठेच नाही. सिस्टीमसाठी ती व्यक्ती कोरी पाटी आहे. अशा वेळी ॲप काय दाखवणार? जे सगळ्यात जास्त विकलं जातंय ते, आणि ज्याच्या जाहिरातीचे पैसे मिळालेत ते. म्हणून सगळ्यांना तेच टेडी आणि तेच मग दिसतात.

चॅटबॉटचंही थोडंफार असंच आहे. 'गर्लफ्रेंडसाठी गिफ्ट सुचव' एवढंच लिहिलंत तर तो सरासरी गर्लफ्रेंडसाठी गिफ्ट सुचवेल. 'बजेट बाराशे, तिला मातीकाम शिकायचंय, शनिवारी दुपारनंतरच वेळ आहे' असं सांगितलंत तर उत्तर जरा कामाचं येतं. पण बघा, मातीकामाची गोष्ट त्याला तुम्हीच सांगावी लागली. आणि एक सांगतो, पार्टनरचे खासगी मेसेज जसेच्या तसे कॉपी करून कुठल्याही चॅटबॉटमध्ये टाकू नका. ते तुम्ही एकट्याने ठरवून वाटण्यासारखे नसतात.

चॅटमध्ये शोधायचं कसं?

माणसं आपल्याला काय हवंय ते वर्षभर बोलत असतात. फक्त ते 'मला गिफ्ट म्हणून हे हवं' अशा वाक्यात येत नाही. 'अगं हे बघ किती भारी', 'माझं घड्याळ परत बंद पडलं', 'लहानपणी आमच्याकडे असं होतं' अशा रूपात येतं. ते शोधायच्या चार जागा:

१. लिंक. व्हॉट्सॲपवर त्या व्यक्तीचं चॅट उघडा, वरच्या नावावर टॅप करा आणि मीडिया, लिंक व डॉक्युमेंटच्या भागात जा. तिथे लिंकचा टॅब वेगळा असतो. दोघांनी पाठवलेली प्रत्येक लिंक तिथे तारखेनुसार सापडते. जूनमध्ये तिने पाठवलेली आणि तुम्ही 'मस्त' म्हणून पुढे गेलेली ती साडी, पुस्तक किंवा ट्रेक तिथे अजून आहे.

२. शब्द. चॅटमधल्या सर्चला अर्थ कळत नाही, तो अक्षरं जुळवतो. आपण बरेच जण मराठी इंग्रजी अक्षरांत टाइप करतो आणि स्पेलिंग ज्याचं त्याचं असतं. 'पाहिजे' शोधायचं तर समोरची व्यक्ती ते कसं लिहिते ते आठवा, आणि पूर्ण शब्द न टाकता पहिली तीन-चार अक्षरं टाका. देवनागरीतूनही एकदा बघा. हवंय, आवडलं, तुटलं, हरवलं, शिकायचंय, कधीतरी हे शब्द शोधून बघा. माझ्या मते 'तुटलं' आणि 'कधीतरी' हे दोन सगळ्यात उपयोगी.

३. फोटो. गूगल फोटोज किंवा आयफोनच्या फोटोजमध्ये चेहरा, जागा आणि वस्तूवरून शोधता येतं. पार्टनरचा चेहरा निवडा आणि वर्षभराचे फोटो भरभर खाली सरकवा. कुठल्या फोटोत माणूस मनापासून हसतोय, आणि तिथे काय चाललं होतं, एवढंच बघा.

४. स्क्रीनशॉट. पार्टनरने तुम्हाला पाठवलेले स्क्रीनशॉट बघा. मेनूकार्ड, वर्कशॉपची जाहिरात, एखाद्या दुकानाचं पेज. माणूस स्क्रीनशॉट काढून पाठवतो म्हणजे त्याला ते हातचं जाऊ द्यायचं नसतं.

इथे एक हद्द पाळा. शोध तुमच्या फोनमध्ये, तुम्हाला पाठवलेल्या गोष्टींमध्येच घ्यायचा. पार्टनर झोपल्यावर त्याचा फोन उघडून विशलिस्ट बघणं याला सरप्राइज म्हणत नाहीत.

जे सापडेल त्याच्या पाच ओळी नोट्समध्ये लिहा. वस्तूचं नाव लिहू नका, ती व्यक्ती काय म्हणाली ते लिहा. 'इयरफोन' असं लिहिलंत तर तुम्ही लगेच मॉडेल शोधायला लागाल. 'लोकलमध्ये कॉलवर काहीच ऐकू येत नाही म्हणाली' असं लिहिलंत तर गरज समोर राहते.

एक उदाहरण: आजींचे व्हॉइस मेसेज

मागच्या वर्षी माझ्या यादीत एक ओळ अशी होती: 'मेतकूट करताना म्हणाली, आजीला विचारायचं राहूनच गेलं.' बायकोची आजी त्याच्या आदल्या वर्षी गेली. आजींना टाइप करणं जमायचं नाही, म्हणून त्या घरच्या ग्रुपवर सगळं बोलून पाठवायच्या. नळाला पाणी आलं नाही इथपासून लोणच्याला मीठ किती इथपर्यंत. लग्नानंतर मीही त्या ग्रुपमध्ये होतो. म्हणजे त्यांचा आवाज माझ्या फोनमध्ये होता. गिफ्ट तिथेच ठरलं.

हे तुमच्यापैकी अनेकांना करता येईल, म्हणून पद्धत सविस्तर सांगतो.

अँड्रॉइडवर फाइल मॅनेजर उघडा आणि 'अँड्रॉइड', त्यात 'मीडिया', त्यात व्हॉट्सॲपच्या नावाचा फोल्डर असं आत जात राहा. व्हॉइस नोट्सचा एक वेगळा फोल्डर सापडेल. फाइलच्या नावात पीटीटी ही अक्षरं आणि पुढे वर्ष, महिना, दिवस असे आकडे असतात. त्यामुळे कुठला मेसेज केव्हाचा ते कळतं. पण कोणाचा ते मात्र कळत नाही. त्यापेक्षा सोपा मार्ग म्हणजे ग्रुपमध्ये जाऊन मेसेज दाबून धरायचा आणि शेअर करून ड्राइव्हमध्ये किंवा स्वतःच्या ईमेलवर पाठवायचा. आयफोनवर हाच मार्ग आहे.

हे मेसेज ओपस नावाच्या फॉरमॅटमध्ये असतात. बोलण्याचा आवाज कमी जागेत साठवायला तो चांगला आहे, पण गाडीतल्या किंवा जुन्या प्लेअरवर चालेलच असं नाही. म्हणून त्याची एमपी३ प्रत करून ठेवा, आणि मूळ ओपस फाइलसुद्धा जपा. रूपांतर करताना दर्जा थोडा कमी होतो, मूळ फाइल असली की पुन्हा नवी प्रत काढता येते.

काही जुने मेसेज वाजणार नाहीत. व्हॉट्सॲप ऑडिओ आणि फोटो स्वतःच्या सर्व्हरवर कायमचे ठेवत नाही. फोनमधून फाइल गेली आणि बॅकअप नसेल तर ती परत उतरवता येत नाही. मग ज्यांच्या फोनमध्ये ती अजून आहे त्यांना परत पाठवायला सांगायचं. मी ग्रुपमध्ये येण्याआधीचे मेसेज बायकोच्या मामींकडून मिळाले. सगळे मिळून ४१ झाले. फाइलला नावं दिली: 'मेतकूट', 'कैरीचं लोणचं', 'वाढदिवस', 'नळ'. यातल्या 'नळ'चा खरं तर काही उपयोग नव्हता, पण तो मुद्दाम ठेवला.

मग ते एका पेन ड्राइव्हवर आणि तिच्या ड्राइव्हमधल्या फोल्डरमध्ये टाकले, आणि तिच्या पाककृतींच्या वहीत आतल्या पानावर क्यूआर कोड चिकटवला. क्यूआर कोड करताना एक काळजी घ्या. फुकट कोड बनवून देणाऱ्या अनेक साइट 'डायनॅमिक' कोड देतात. म्हणजे कोडमध्ये तुमची लिंक नसते, त्यांच्या सर्व्हरची लिंक असते आणि तिथून पुढे तुमच्याकडे वळवलं जातं. ट्रायल संपली की कोड बंद. तुम्हाला 'स्टॅटिक' कोड हवा, ज्यात तुमची लिंक थेट असते. क्रोममध्ये पेज उघडून शेअरच्या पर्यायातूनही कोड मिळतो. छापताना दोन-अडीच सेंटिमीटरपेक्षा लहान करू नका आणि चिकटवण्याआधी दोन वेगळ्या फोनवर स्कॅन करून बघा. ड्राइव्हच्या फोल्डरला 'लिंक असलेला कोणीही' अशी परवानगी देण्यापेक्षा फक्त पार्टनरच्या ईमेलला द्या. घरातला आवाज घरातच राहिलेला बरा.

तिने त्या दिवशी तीन मेसेज ऐकले आणि फोन बाजूला ठेवला. बाकीचे ती हळूहळू ऐकतेय. म्हणून एक सूचना: गेलेल्या माणसाची आठवण द्यायची असेल तर ती घरी, निवांत असताना द्या. हॉटेलमध्ये वेटर केक घेऊन उभा असताना नको. आणि दुःख अगदी ताजं असेल तर आत्ता फाइल फक्त जपून ठेवा, द्यायची वेळ नंतर येईल.

फोटो छापणार असाल तर हे गणित करा

फोटो फ्रेम हे दुसरं लोकप्रिय गिफ्ट, आणि ते बिघडतं ते रेझोल्यूशनमुळे. चांगल्या प्रिंटसाठी दर इंचाला साधारण ३०० पिक्सेल धरतात. म्हणजे ४ बाय ६ इंचाच्या फोटोला १२०० बाय १८०० पिक्सेल हवेत. १२ मेगापिक्सेलचा मूळ फोटो ४००० बाय ३००० चा असतो, म्हणजे १३ बाय १० इंचांपर्यंत चिंता नाही.

पण व्हॉट्सॲपवरून साध्या दर्जात आलेल्या फोटोची लांब बाजू साधारण १६०० पिक्सेल असते. ४ बाय ६ ला तो चालून जातो. तोच फोटो १२ बाय १८ इंचांचा पोस्टर केला तर इंचाला ८९ पिक्सेलच उरतात आणि चेहरे पुसट दिसतात. फोटोच्या डिटेल्समध्ये हे आकडे दिसतात, स्टुडिओत जायच्या आधी बघा. मूळ फोटो मित्राकडे असेल तर त्याला 'डॉक्युमेंट म्हणून पाठव' असं सांगा. त्यात व्हॉट्सॲप फोटो लहान करत नाही.

विकत घ्यायचं असेल तर

यादीतून वस्तू ठरली असेल तर शॉपिंग ॲप आता खुशाल उघडा. काय घ्यायचं ते ठरवून गेलात की ते छान काम करतं. फक्त तीन गोष्टी लक्षात ठेवा.

पहिली, डिलिव्हरीची तारीख हा अंदाज असतो. विक्रेत्याने पॅक करायला लागणारा वेळ, प्रवास आणि शेवटच्या टप्प्यात तुमच्या भागातल्या डिलिव्हरी करणाऱ्यावर असलेला भार, हे सगळं मिळून तो बनतो. नाव कोरलेल्या वस्तूला बनवायचा वेळ वेगळा लागतो. म्हणून ऑर्डर मंगळवारपर्यंत करा. दहा-पंधरा मिनिटांत सामान आणणारी ॲप जवळच्या छोट्या गोदामातून माल आणतात. तिथे चॉकलेट नक्की मिळेल, तिने जूनमध्ये पाठवलेलं पुस्तक मिळण्याची शक्यता कमी.

दुसरी, घाई तुमची आहे की ॲपने लावली आहे ते ओळखा. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ ला डार्क पॅटर्नविरोधात मार्गदर्शक तत्त्वं जाहीर केली आणि अशा १३ युक्त्यांची यादी दिली. खोटी घाई निर्माण करणं, न विचारता कार्टमध्ये वस्तू घुसवणं, 'नको' म्हणणाऱ्याला लाज वाटेल अशी वाक्यं दाखवणं आणि शेवटच्या पानावर किंमत वाढवणं या चारही त्यात आहेत. व्हॅलेंटाईनच्या आठवड्यात या सगळ्या एकदम भेटू शकतात. पैसे भरण्याआधी गिफ्ट रॅप, ग्रीटिंग कार्ड, देणगी असं काही आपोआप टिक झालंय का ते बघा. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे.

तिसरी, अनोळखी पेजवरची फारच स्वस्त ऑफर. विक्रेत्याचा पत्ता आणि परतावा धोरण दिसत नसेल तर आगाऊ पैसे देऊ नका. 'पत्ता अपूर्ण आहे, या लिंकवर पाच रुपये भरा' असे मेसेज या दिवसांत खरे वाटतात, कारण आपण खरोखरच पार्सलची वाट बघत असतो. ट्रॅकिंग नेहमी ॲपच्या आत जाऊनच बघा. पैसे मिळवण्यासाठी यूपीआय पिन कधीच टाकावा लागत नाही. फसवणूक झालीच तर लगेच १९३० वर फोन करा.

सरप्राइज फुटू नये म्हणून

एकाच लॅपटॉपवर दोघं काम करत असाल तर तुम्ही बघितलेली वस्तू जाहिरात बनून पार्टनरसमोर येते. साइट ब्राउझरमध्ये कुकी ठेवते आणि दुसऱ्या साइटवरची जाहिरात यंत्रणा ती ओळखते. शोध स्वतःच्या फोनवर, इन्कॉग्निटोमध्ये घ्या. पण त्यात सामायिक अकाउंटने लॉगिन केलंत तर नोंद होतेच. लॉक स्क्रीनवरचा नोटिफिकेशनचा मजकूर आठवडाभर लपवा. जॉइंट अकाउंट असेल तर बँकेचा मेसेज दोघांनाही जाऊ शकतो, तेव्हा पैसे दुसऱ्या खात्यातून द्या. आणि डिलिव्हरी ऑफिसच्या पत्त्यावर घ्या.

आठवड्याचं वेळापत्रक

कॅलेंडरमध्ये रोज वीस मिनिटं अडवून ठेवा. कॅलेंडर पार्टनरला दिसत असेल तर नाव 'बँकेचं काम' द्या.

सोमवार: चॅट, लिंक, फोटो शोधून पाच ओळींची यादी.
मंगळवार: एक ओळ निवडा, बजेट ठरवा. काही मागवायचं असेल तर आजच.
बुधवार: फाइल किंवा मूळ फोटो गोळा करा, नातेवाइकांना मेसेज करा.
गुरुवार: प्रिंट द्या. ऑर्डर अजून निघालीच नसेल तर रद्द करा आणि जवळच्या दुकानातून घ्या. गुलाब हवे असतील तर फुलवाल्याला आजच सांगून ठेवा, शनिवारी भाव चढलेले असतात.
शुक्रवार: गिफ्ट बांधा आणि हाताने चार ओळी लिहा. 'तू जूनमध्ये म्हणाली होतीस ना…' अशी सुरुवात केलीत तर पुढचं सुचतं.

शनिवारी फक्त द्यायचं. आणि पाच ओळींची ती नोट डिलीट करू नका. त्यातल्या चार ओळी अजून शिल्लक आहेत. वाढदिवस येईल, दिवाळी येईल, एखादा असाच कंटाळवाणा मंगळवार येईल. वर्षभरात पार्टनर असं काही बोलून गेला की त्याच नोटमध्ये एक ओळ वाढवत जा. त्याला दहा सेकंद लागतात, आणि पुढच्या फेब्रुवारीत रात्री साडेअकराला स्क्रोल करायची वेळ येत नाही.